रंगाचा डबा शेवटी येतो: ‘होम अलोन’चा पुढचा भाग काढणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सिक्वेलच्या फायलीवर सही करणारी मंडळी,
ट्वेंटिएथ सेंच्युरी स्टुडिओज, म्हणजे आता डिस्ने,
कॅलिफोर्निया.

विषय: ‘होम अलोन’चा सातवा भाग काढायचाच असेल तर.

स. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही, ओळखायचं काही कारणही नाही. सांगलीत मे महिन्याच्या सुट्टीत जी बालनाट्यं होतात, त्यांचं नेपथ्य आणि प्रॉपर्टी मी बघतो. म्हणजे चोराच्या डोक्यावर पडायची बादली, त्याच्या पायाखाली यायचं केळ्याचं साल, वरून सुटणारी पिठाची पिशवी हे सगळं माझ्या खात्यात येतं. पोरानं चोराला कसं पाडायचं, हा तुमचा आणि माझा सारखाच धंदा आहे. फरक पैशांचा. तुमचे डॉलरमध्ये असतात, माझे उधारीत.

पत्राचं कारण असं. 1990 ते 2021 ह्या काळात ह्या नावाचे सहा चित्रपट निघाले. पहिल्यात नाताळला पॅरिसला निघालेले घरचे आठ वर्षांच्या केव्हिनला चुकून घरीच विसरतात, आणि तो हॅरी आणि मार्व्ह ह्या दोन चोरांना सापळे लावून पाडतो. सातवाही कधी ना कधी निघणारच. चालणारं नाव तुम्ही लोक कपाटात ठेवत नाही. आम्ही तरी कुठं ठेवतो? सुट्टी लागली की तीच जुनी चेटकीण नव्या लुगड्यात उभी करतोच. त्यामुळे ‘काढूच नका’ असं सांगायला मी आलेलो नाही. पहिल्या दोन भागांचे दिग्दर्शक ख्रिस कोलंबस ह्यांचं मत मात्र तसंच आहे, आणि ते म्हणायचा त्यांना अधिकार आहे. माझं म्हणणं एवढंच, की काढण्याआधी मागच्या भागांत काय बिनसलं ते नीट बघा. प्रत्येक वेळी तुम्ही रंगाचा डबा तेवढा उचललात आणि घर मागं ठेवून आलात.

रंगाचा डबा सगळ्यांना आठवतो. दोरीला बांधलेला डबा जिन्यावरून झोका घेत येतो आणि चोराच्या थोबाडावर बसतो. केबलच्या दिवसांत डिसेंबर महिन्यात हा चित्रपट आमच्याकडे इतक्या वेळा लागायचा, की डबा येणार हे ठाऊक असून माणसं जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसायची. पण घड्याळ लावून बघा. चित्रपट 103 मिनिटांचा आहे आणि चोर घरात पाऊल टाकतात ते शेवटच्या अर्ध्या तासात. आधीचा तासाहून जास्त वेळ एकाही चोराला साधं खरचटतसुद्धा नाही. मग एवढा वेळ लोक काय बघत बसतात?

आमच्या बालनाट्यातली बादली घ्या. बादली पडली की पोरं हसतात, असा नव्या दिग्दर्शकांचा समज असतो. तसं नाही. बादली पडायच्या आधी हसतात. पडद्याआडून बादली कुणी टांगली, दोरी कुठं बांधली, कुठं पाय पडला की ती सुटणार, हे सगळं आम्ही पोरांना आधी दाखवतो. मग चोर विंगेतून येतो आणि नेमका बादलीखाली उभा राहून खिशातली तपकिरीची डबी शोधत बसतो. डाव्या खिशात बघतो, उजव्या खिशात बघतो. दोन पावलं पुढं जातो, पोरं हिरमुसतात. पुन्हा मागं येतो, पोरं खुर्च्यांवर उभी राहतात. तेवढ्यात एखादं चौथी-पाचवीतलं पोरगं घाबरून चोरालाच ओरडून सांगतं, ‘वर बघ, वर बघ!’ बादली पडते तेव्हा उरतो तो फक्त आवाज. हशा आधीच होऊन गेलेला असतो. हे आधीचं अर्धं मिनिट ज्याला जमलं नाही, त्यानं दहा बादल्या पाडल्या तरी पोरं पॉपकॉर्नच्या पुडीतच बघत बसतात.

पहिल्या भागाचे लेखक जॉन ह्यूज ह्यांना हे अर्धं मिनिट तासाभराचं करता आलं. केव्हिन सापळे रचण्याआधी रंगीत खडूंनी घराचा नकाशा काढतो, तो आठवा. तो नकाशा आपल्याला पटकन वाचता येतो, कारण तोवर आपण त्या घरात राहून झालेलं असतं. जिना कुठं, तळघराचं दार कुठं, कपडे धुवायला वरून खाली टाकायची घसरण कुठून कुठं जाते, झाडावरची खोली कोणत्या खिडकीसमोर, सगळं पाठ झालेलं असतं. शिकागोजवळच्या विनेटका गावातलं ते घर बाहेरून खरंखुरं आहे. आतला बराचसा भाग मात्र एका बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत उभारला होता आणि पाणी भरलेलं तळघर त्याच शाळेच्या पोहण्याच्या तलावात. भिंतीवरचा कागद, पडदे, गालिचे, जिथं तिथं लाल आणि हिरवा. नेपथ्य करणारा माणूस म्हणून सांगतो, असं घर उभं करणं म्हणजे अर्धी संहिता लिहिण्यासारखंच आहे.

आता इस्त्रीकडे बघा. तळघरात मार्व्ह दिव्याची दोरी समजून दोरी ओढतो आणि वरून कपड्यांच्या घसरणीतून इस्त्री येऊन त्याच्या तोंडावर आदळते. हे दोन सेकंदांचं काम. पण ते तळघर कोणतं? केव्हिनला जिथं जायची भीती वाटत होती ते. घर गरम ठेवणारी तिथली भट्टी जणू तोंड उघडून त्याच्याकडे बघत असते, म्हणून तो जिन्यावरूनच पळून जायचा. पुढं एके दिवशी त्याच तळघरात तो कपडे धुवायला उतरतो आणि भट्टीला गप्प बसायला सांगतो. तिथं त्याची भीती संपते आणि मगच ते तळघर चोराच्या वाट्याला येतं. इस्त्री मार्व्हच्या नाकावर पडते खरी, पण पोरानं तळघर आधीच जिंकलेलं असतं. तुमच्या नंतरच्या लेखकांनी इस्त्री घेतली, भट्टी सोडली.

आणि खरेदी! आठ वर्षांचं पोरगं एकटं बाजारात जातं, दूध घेतं, रसावर सूट देणारं कूपन काढून देतं, गल्ल्यावरच्या बाईच्या चौकश्या परतवून लावतं आणि घरी येताना दोन्ही पिशव्या खालून फाटून सगळं रस्त्यावर सांडतं. ह्यात चोर नाही, सापळा नाही. पण घर चालवणं काय असतं, हे त्या पोराला इथंच कळतं. चोर येण्याच्या थोडं आधी तो टेबलावर मेणबत्त्या लावतो, गरम मॅकरोनी आणि चीज पुढं घेतो, प्रार्थना करतो, आणि घड्याळात नऊचे ठोके पडतात. एक घासही पोटात गेलेला नसतो. मला विचाराल तर सबंध चित्रपटातला सगळ्यात चांगला क्षण हा आहे. त्या ताटासाठी ते पोरगं लढतंय, हे आपल्याला न सांगता कळतं.

ह्यूज ह्यांची दुसरी शिस्त म्हणजे ‘असं कसं होईल?’ ह्या प्रश्नाला ते दारातच अडवतात. आई पोराला विसरून पॅरिसला कशी जाईल? तर रात्री वारा सुटतो, वीज जाते, गजराची घड्याळं बिघडतात, सगळे उशिरा उठतात. डोकी मोजताना शेजारचं एक आगाऊ पोरगं मध्ये येऊन उभं राहतं आणि आकडा बरोबर भरतो. आदल्या रात्री सांडलेलं दूध पुसताना केव्हिनचं विमानाचं तिकीट कचऱ्यात जातं. आई पॅरिसहून पोलिसांना फोन करते. पोलीस येतो, दार ठोकतो, पण पोरगं घाबरून पलंगाखाली असतं. (फोनच्या तारा तुटलेल्या असताना पिझ्झा कसा मागवला, हे मात्र मला विचारू नका. इतकी दारं लावणाऱ्या माणसाकडून एखादी खिडकी उघडी राहायचीच.) आणि हे सगळं पळापळीत, विनोदात बसवलेलं आहे. कुठं खुलाशाचा वास येत नाही.

आता चोरांबद्दल, कारण 2021 साली तुमचा पाय घसरला तो इथंच.

हॅरी पहिल्यांदा दिसतो तो पोलिसाच्या वेशात, घराच्या दारातून आत येऊन जिन्यापाशी उभा. पंधरा-सोळा माणसांच्या गोंधळात त्याच्याकडे कुणी लक्षसुद्धा देत नाही. तो गोड बोलून घर कधी रिकामं असणार ते काढून घेतो, हसतो, आणि सोन्याचा दात चमकतो. पुढं रस्त्यात तो दात दिसतो आणि केव्हिनला कळतं की पोलीस तो नव्हताच. बालनाट्यात ह्याहून भीतीदायक काही लिहून दाखवा. घराची राखण करायला आलोय असं सांगणारा माणूसच घर फोडणार आहे!

ती भूमिका केली जो पेशी ह्यांनी. त्याच वर्षी मार्टिन स्कोर्सेसींच्या गुंडपटात ते माणसं मारत होते आणि त्या कामासाठी त्यांना ऑस्करही मिळालं. विनोदी चोरासाठी असा नट निवडायला धाडस लागतं. शूटिंगच्या वेळी ते केव्हिन झालेल्या मॅकॉले कल्किनपासून मुद्दाम लांब राहायचे, पोराला आपली खरी भीती वाटावी म्हणून. बोटं चावायच्या प्रसंगाच्या तालमीत त्यांनी खरंच चावा घेतला, हे कल्किननंच पुढं सांगितलंय. आमच्या संस्थेत असं झालं असतं तर पालकांनी हॉल डोक्यावर घेतला असता, आणि बरोबरच होतं ते. पण पडद्यावर त्याचा परिणाम दिसतो. हॅरीची भीती वाटते, म्हणून त्याच्या टकलावर आग लागते तेव्हा मनाला बरं वाटतं.

आणि दुखणं खरं वाटायला हवं. जिन्यावरून, बर्फावरून पडणारे ते स्टंटमन खरेच पडत होते. संगणकावरची करामत नव्हती. पडल्यावर आधी माणूस उठतोय का ते बघायचे आणि मगच हसायचे, असं कोलंबस सांगतात. काचेच्या शोभेच्या गोळ्यांवर मार्व्ह अनवाणी पाय ठेवतो, तेव्हा डॅनियल स्टर्न ह्यांनी रबराचे पाय घातले होते. तोंडावरचा तो कोळी मात्र खरा होता. कोळी बिथरू नये म्हणून स्टर्न ह्यांनी त्या वेळी नुसतं तोंड उघडलं आणि किंकाळी नंतर घातली. रबराचे पाय कुणी बनवले असतील, किती वेळा फाटले असतील, ह्या विचारानं माझी एक रात्र गेली आहे. ते असो.

1992 च्या दुसऱ्या भागाला मी फारसा दोष देत नाही. न्यूयॉर्क दाखवायचं होतं, दाखवलं. चोर तेच, आई तीच, गाणं-संगीत त्याच जॉन विल्यम्सचं. जगभरात सुमारे 36 कोटी डॉलर आले. पहिल्यानं जवळपास 48 कोटी आणले होते, म्हणजे तक्रारीला जागा नाही. पण खालच्या मजल्याला तडा जायला तिथंच सुरुवात झाली. सापळे लागतात ते काकांच्या रिकाम्या घरात, जिथं दुरुस्तीचं काम अर्धवट पडलंय. ते घर केव्हिनचं नाही, आपलंही नाही. त्यामुळे पहिल्या भागात जिथं भट्टी होती तिथं इथं नुसतं सिमेंट-विटांचं सामान आहे. गच्चीवरून विटा येतात, एकामागून एक मार्व्हच्या कपाळावर. आम्ही तेव्हा हसलो. आता बघताना एखादी वीट कमी असती तर बरं झालं असतं असं वाटतं.

तिसऱ्याची लोक टर उडवतात. मी उडवणार नाही. 1997 मध्ये नवं पोरगं, नवं घर, नवे चोर, आणि लिहिणारे पुन्हा ह्यूजच. आधी ऐका मग हसा: ह्या भागात मूल घरी एकटं राहायचं कारण सगळ्या भागांत जास्त खरं आहे. पोराला कांजिण्या झाल्यात, वडील कामानिमित्त बाहेर, आईला ऑफिसात जावंच लागतं. पॅरिसची विमानं आमच्या नशिबात नसली, तरी कांजिण्या आणि संपलेल्या रजा आमच्या दोन नोकऱ्यांच्या घरांत चांगल्याच ओळखीच्या आहेत. दुर्बिणीतून त्याला गल्लीत चोर दिसतात, तो पोलिसांना बोलावतो, पोलीस येईतो घर रिकामं. पुन्हा तेच होतं. मग पोराच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि पोरगं खऱ्या अर्थानं एकटं पडतं. घरात माणसं असून एकटं! दिग्दर्शक राजा गॉस्नेल ह्यांनी आधीचे दोन भाग संकलित केले होते, त्यामुळे बादली कधी सोडायची हे त्यांच्या हातात भिनलेलं होतं. रॉजर ईबर्ट ह्यांच्यासारख्या समीक्षकानं पहिल्या दोघांपेक्षा हाच जास्त आवडल्याचं लिहिलं. मी तेवढं म्हणणार नाही. चोरच फसले: क्षेपणास्त्राची चिप शोधणारी आंतरराष्ट्रीय टोळी. चिप चोरणारा माणूस आपल्या दिवाणखान्यात येईल अशी धास्ती कुणाला वाटते?

चौथ्याबद्दल फार बोलायला नको. 2002 मध्ये टीव्हीसाठी काढलेला. केव्हिनचं नाव ठेवलं आणि बाकी सगळं मोडलं: नट बदलले, भावंडं कमी केली, आईवडील वेगळे केले. पहिल्या भागात आई पॅरिसहून डॅलस, तिथून स्क्रँटन, आणि शेवटी पोल्का वाजवणाऱ्या मंडळींच्या गाडीत बसून नाताळच्या सकाळी घरी पोचते. विमानात जागा मिळावी म्हणून कानातलं काढून द्यायला तयार होते. त्या आईनं घडवून आणलेलं मिलन तुम्ही एका वाक्यात पुसून टाकलंत. वर घर दिलंत ते आवाजावर चालणारं, रिमोटवर दारं उघडणारं. बटण दाबून जिंकलेल्या पोराचं कौतुक बटणाला मिळतं. पाचव्यात, 2012 साली, पोरगं व्हिडिओ गेमचं वेडं आणि चोर एका चित्राच्या मागावर. आला, गेला.

सहावा मात्र मला झोंबला. 2019 मध्ये हे चित्रपट काढणारा फॉक्स स्टुडिओ तुमच्याकडे, म्हणजे डिस्नेकडे आला आणि 2021 च्या नोव्हेंबरात तुम्ही तुमच्या डिस्ने प्लस ह्या ऑनलाइन सेवेवर नवा भाग आणलात. ह्यात घरात घुसतं ते एक नवरा-बायकोचं जोडपं. नवऱ्याची नोकरी गेलीय, राहतं घर विकायची वेळ आलीय, मुलांना अजून सांगितलेलं नाही. घरातली एक जुनी किमती बाहुली पोरानं पळवली अशी त्यांची समजूत होते आणि ती परत आणायला ते जातात. पोरगं त्यांना बेदम मार देतं. शेवटी कळतं, बाहुली त्यानं चोरलेलीच नव्हती. म्हणजे मारणारा निर्दोष, मार खाणारे कर्जबाजारी, आणि आम्ही हसायचं कुणावर?

तुमच्या लेखकांना वाटलं असेल, चोरालाही मन असतं हे दाखवू. दाखवा की, पण मग त्याच्या तोंडावर बिलियर्डचे गोळे मारू नका. एका वर्षी आमच्याही नाटकात एका हौशी लेखकानं चोराला आजारी आई दिली. चोर विंगेतून आला, आईबद्दल दोन वाक्यं बोलला, आणि बादली पडली तेव्हा हॉलमध्ये पिन पडली तरी ऐकू आली असती. पहिल्या रांगेतली एक पोरगी उठून आईच्या मांडीवर जाऊन बसली. दुसऱ्या प्रयोगाला आम्ही ती आजारी आई कापली. पोरांना न्यायाचं गणित आपल्यापेक्षा पक्कं असतं. ज्यानं घर फोडलं त्यानंच पडावं, आणि जेवढं फोडलं तेवढंच पडावं.

सापळे म्हणजे लोणचं. पहिल्या भागात ते पानाच्या कोपऱ्यात होतं. पुढं पुढं तुम्ही पानभर लोणचंच वाढत गेलात आणि लोक उठून का जातात म्हणून विचारत बसलात.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि ती नावामुळे सगळ्यांच्या नजरेतून सुटते. ह्या पोराला एकट्याला जिंकता येत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी चोर केव्हिनला पकडतात, खुंटीला टांगतात. सापळे संपलेले असतात. त्याला सोडवतो तो शेजारचा म्हातारा मार्ली, बर्फ ओढायच्या फावड्यानं. आणि तो येतो कारण त्याच संध्याकाळी चर्चमध्ये दोघं शेजारी बसून बोललेले असतात: म्हाताऱ्याचं मुलाशी बोलणं बंद आहे आणि ते सुरू करायची त्याला भीती वाटते. पोरगं त्याला फोन करायला सांगतं. दुसऱ्या भागात हीच जागा कबुतरांना दाणे टाकणाऱ्या बाईची. ज्या माणसाला सगळी गल्ली घाबरते त्याच्याशी पोरगं बोलतं, म्हणून वाचतं. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या भागांत ह्या माणसाला तुम्ही एक तर नोकरी दिलीत, नाहीतर दोन वाक्यं देऊन घरी पाठवलंत.

मोबाइलच्या काळात मूल एकटं पडेलच कसं, असं तुमचे लोक विचारत असतील. पडतं. फोन हातात असला तरी ऐकणारा लागतो. तिसऱ्या भागानं तेच दाखवलं होतं, लँडलाइन असताना.

नावाची ताकद अजून आहे, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. पोलंडमध्ये पोलसॅट वाहिनी दर नाताळला पहिला भाग लावते. 2010 साली लावणार नाही म्हणाली तर लोकांनी इतकी ओरड केली की लावावाच लागला. तुमच्या देशाच्या ग्रंथालयानं 2023 साली तो जतन करायच्या चित्रपटांच्या यादीत घातला. म्हणजे प्रेक्षक बसलेला आहे. तो डब्यासाठी बसलाय असं समजू नका, एवढंच.

कल्किन आता पंचेचाळिशीला पोचलाय. पहिला भाग दाखवून प्रेक्षकांशी गप्पा मारायचा त्याचा जो कार्यक्रम असतो, त्यात त्यानं सातव्या भागासाठी एक कल्पना बोलून दाखवली. मोठा झालेला केव्हिन पोराला एकटाच वाढवतोय, कामात बुडालेला आहे, पोराकडे बघायला वेळ नाही. पोरगं चिडून त्याला घराबाहेर काढतं आणि घरात यायच्या वाटेवर त्याच्याच पद्धतीचे सापळे लावतं. त्याच्या मते ते घर म्हणजे बाप-लेकाचं नातं. मला ही कल्पना आवडली, कारण ह्यात घर परत आलंय. बापाला आत यायचंय आणि पोराला तो आत यायला हवाय, पण सहज नकोय. इथं मार कुणी खाल्ला तरी पोरं हसतील, कारण तो मार त्या बापानं कमावलेला असेल.

मात्र हे करताना मोह होईल. तुमच्या बैठकीत कुणीतरी म्हणेल, पहिल्या पाच मिनिटांत एक डबा पाडू, लोकांना जुनी आठवण येईल. त्याला चहा द्या आणि बाहेर बसवा. बापाला ऑफिसातून घरी यायला रोज उशीर कसा होतो ते दाखवा. पोरगं एकटं जेवतं ते दाखवा. त्या घरातलं एक दार असं दाखवा की जे पोराला उघडायची भीती वाटते. शेजारी एक माणूस ठेवा, ज्याच्याशी पोरगं बोलत नाही. हे सगळं झाल्यावर मग रंगाचा डबा आणा, आणि तो टांगताना आम्हाला दाखवा.

संहिता तयार झाली तर मला वाचायला पाठवा. मे महिन्यात पाठवू नका, आमचे प्रयोग असतात. इंग्रजी मी सावकाश वाचतो, पण वाचतो. पन्नासाव्या पानापर्यंत एकही बादली पडली नसेल, तरच पुढची पानं वाचेन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नेपथ्यवाला,
सांगली